कॅम्पर व्हॅनमध्ये सौर आणि पवन ऊर्जेवर बॅटरी चार्जिंग: पॅनेल किती, पवनचक्की कधी?

चाकावरचं घर
एकाच जागी चार-पाच दिवस मुक्काम, बाहेरून विजेची जोडणी नाही आणि जनरेटरही नको. अशा वेळी सूर्य आणि वाऱ्यावर बॅटरी भरलेली ठेवायची तर काय घ्यावं, किती घ्यावं आणि कसं जोडावं, यासाठी हा धागा. पॅनेल किती वॅटचं हा प्रश्न नंतरचा. आधी दिवसाला वीज किती लागते ते मांडू.

दोन माणसांच्या व्हॅनचा ढोबळ हिशेब असा. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज, ४५ वॅट, दिवसाच्या ४० टक्के वेळ चालू: ४३२ वॅट-तास. छताचा २४ वॅटचा पंखा ८ तास: १९२. तीन वॅटचे चार एलईडी दिवे ५ तास: ६०. दोन फोन ३०, लॅपटॉप एकदा पूर्ण ७०, पाण्याचा पंप पाव तास १५. एकूण साधारण ८०० वॅट-तास.

यात इन्व्हर्टर धरलेला नाही. काहीही न जोडता नुसता चालू राहिलेला इन्व्हर्टर १२ वॅट खात असेल तर दिवसाला २८८ वॅट-तास जातात, म्हणजे वरच्या बेरजेच्या एक तृतीयांशाहून जास्त. फोन आणि लॅपटॉप थेट १२ व्होल्टच्या चार्जरवर घ्या आणि इन्व्हर्टर लागेल तेवढाच वेळ चालू करा. एवढं केलं तरी जवळजवळ एका १०० वॅटच्या पॅनेलचं काम वाचतं.

बॅटरी: १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तास लिथियम आयर्न फॉस्फेट म्हणजे १२८० वॅट-तास. त्यातले ८० टक्के वापरायचे धरले तर हजारच्या वर, म्हणजे सव्वा दिवस. लेड-अ‍ॅसिडची तेवढीच बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते, त्यामुळे हाती ६०० येतात. ढगाळ दिवस काढायचे असतील तर लिथियम २०० अँपिअर-तास असावी.

पॅनेल: दिवसाला साडेचार तास पूर्ण उन्हाइतका प्रकाश आणि सगळी गळती धरून ७० टक्के उत्पन्न. ८०० भागिले (४.५ गुणिले ०.७) म्हणजे २५४ वॅट. छतावर ३०० वॅट बसवा.

---

हिशेबनीस
मांडणी पटली. त्या ७० टक्क्यांमागे काय दडलंय ते सांगतो, कारण तो आकडा ५० वर घसरायला वेळ लागत नाही.

पहिली गोष्ट उष्णता. पॅनेलचा वॅट आकडा सेलचं तापमान २५ अंश धरून छापलेला असतो. भर उन्हात सेल ६५ अंशांवर जातो आणि दर अंशामागे साधारण ०.३५ ते ०.४ टक्के उत्पन्न घटतं. म्हणजे १४ ते १६ टक्के इथेच गेले. पॅनेलखाली २५ ते ५० मिलिमीटर मोकळी हवा ठेवली तर थोडे परत मिळतात. लवचिक पॅनेल थेट पत्र्यावर चिकटवलं की खालून हवा लागत नाही, ते जास्त तापतं आणि आयुष्यही कमी होतं. उंचीची अगदीच अडचण असेल तरच ते घ्यावं.

दुसरी गोष्ट कोन. सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर असेल तर आडव्या पॅनेलवर थेट उन्हाचा निम्माच भाग पडतो. उन्हाळ्यात आडवं चालून जातं. हिवाळ्यात मात्र एका कडेला बिजागरी आणि दुसरीकडे पाय लावून ते उचलता आलं पाहिजे. रात्री आणि वारा वाढल्यावर ते खाली घेऊन कुलूपबंद करायचं.

तिसरी आणि सर्वात महाग गोष्ट सावली. १०० वॅटच्या ३६ सेलच्या पॅनेलमध्ये सहसा दोन बायपास डायोड (सावलीतला भाग वगळून करंट पुढे नेणारे) असतात, प्रत्येकी १८ सेलसाठी. एका सेलवर व्हेंटच्या झाकणाची गडद सावली पडली की अर्धं पॅनेल बाजूला पडतं आणि व्होल्टेज १८ वरून ९ वर येतं. ९ व्होल्टने १३ व्होल्टची बॅटरी भरत नाही. पॅनेलं समांतर जोडलेली असतील तर ते अख्खं पॅनेल हिशेबातून जातं, बाकीची चालू राहतात. तीच दोन पॅनेलं एकसर (सिरीजमध्ये, एकामागे एक) जोडून एमपीपीटी कंट्रोलरवर (पॅनेलचं जादा व्होल्टेज बॅटरीजोगं करून देणाऱ्या चार्जरवर) नेली तर १८ आणि ९ मिळून २७ व्होल्ट राहतात, म्हणजे सावलीतल्या पॅनेलचा चांगला अर्धाही कामाला येतो. झाडाची विरळ सावली सगळ्याच पॅनेलांवर फिरत असेल तर समांतर बरं. एखाद्या कोपऱ्यावर ठरावीक वेळी पडणारी सावली असेल तर एकसर चालतं. ‘सावली असेल तर समांतरच’ हा सरसकट सल्ला म्हणूनच मला पटत नाही.

---

निळा तंबू
पीडब्ल्यूएम कंट्रोलर चालेल का? एमपीपीटीशी तुलना करता नक्की किती फरक पडतो?

---

हिशेबनीस
@निळा तंबू, पीडब्ल्यूएम पॅनेलला बॅटरीच्याच व्होल्टेजवर ओढून आणतो. १८ व्होल्ट आणि ५.५ अँपिअर देऊ शकणारं पॅनेल १३ व्होल्टवर तेवढेच ५.५ अँपिअर देतं. १०० वॅटचे ७२ झाले. एमपीपीटी जादा व्होल्टेजचं रूपांतर करून बॅटरीला सातेक अँपिअर देतो. एकच १०० वॅटचं पॅनेल असेल तर पीडब्ल्यूएमवर भागतं. २०० च्या वर एमपीपीटीच घ्या.

एकसर जोडताना थंडीतलं व्होल्टेज मात्र तपासा. भार नसताना २२.५ व्होल्ट देणारी तीन पॅनेलं एकसर केली की ६७.५ होतात आणि शून्य अंशाला ती साधारण ७२.५ वर जातात. ७५ व्होल्ट मर्यादेचा कंट्रोलर तिथे काठावर येतो. उणे तापमानात सकाळचं पहिलं ऊन पडलं की तो जळू शकतो. दोनच जोडा किंवा १०० व्होल्टचा घ्या.

---

पवनवेडा
आता वाऱ्याकडे येतो. मला पवनचक्की मनापासून आवडते, म्हणून तिच्याबद्दलचा गैरसमज आधी काढतो. डब्यावर ‘४०० वॅट’ लिहिलेलं असतं ते ताशी ४५ किलोमीटरच्या आसपासच्या वाऱ्याला. त्या वाऱ्यात व्हॅनचं बाहेरचं कापडी छत केव्हाच गुंडाळून आत घ्यावं लागलेलं असतं.

वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाने वाढते. १.२ मीटर व्यासाचं चक्र १.१३ चौरस मीटर वारा अडवतं. सिद्धांतानेच ५९.३ टक्क्यांच्या वर काढता येत नाही. पाती, जनरेटर, रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा) आणि तारा मिळून छोट्या यंत्रात २५ टक्के हाती आले तरी चांगलं म्हणायचं. त्या हिशेबाने:

ताशी ११ किमी (३ मी/से): ५ वॅट, तेही कागदावरच
ताशी १८ किमी (५ मी/से): २२ वॅट
ताशी २९ किमी (८ मी/से): ८८ वॅट
ताशी ४३ किमी (१२ मी/से): ३०० वॅट

वेग मोजायला हातातलं वाऱ्याचं मीटर मिळतं. तेही नसेल तर झाडाकडे बघा. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील तर ताशी १२ ते १९ किमी, छोटी झाडं अख्खी डोलत असतील तर २९ ते ३८. नुसती पानं हलताहेत अशा जागी ही पवनचक्की एक फोन आणि दोन दिवे सांभाळेल, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका.

मग ती घ्यायची कशासाठी? वारा रात्रीही वाहतो आणि ढगांमागेही वाहतो. संध्याकाळपासून सकाळपर्यंत १० तास ताशी १८ किमी टिकला तर २२० वॅट-तास मिळतात, म्हणजे फ्रिजची दिवसाची निम्मी गरज. ताशी २९ ला तेवढ्याच वेळात ८८० मिळतात, दिवसाची सगळीच गरज भागते. उघडा समुद्रकिनारा, मोठ्या तलावाचा काठ, बोडकं पठार, आणि एकाच जागी तीन-चार दिवस मुक्काम, अशा ठिकाणी पवनचक्कीचं चीज होतं. झाडीत आडोशाला उतरणाऱ्यांनी तोच पैसा दुसऱ्या पॅनेलमध्ये किंवा मोठ्या बॅटरीत घालावा. उंच डोंगरावर हवा विरळ असते हेही धरा, २००० मीटरवर साधारण १८ टक्के उत्पन्न कमी.

उभ्या अक्षाच्या चक्क्या दिसायला देखण्या असतात, पण तेवढ्याच आकारात आडव्या अक्षापेक्षा उत्पन्न बरंच कमी. व्हॅनसाठी मी सुचवणार नाही.

---

निळा तंबू
पवनचक्कीच्या दोन तारा आहे त्याच सोलर कंट्रोलरला जोडल्या तर? त्यात अजून २० अँपिअरची जागा शिल्लक आहे.

---

तांब्याची तार
नका जोडू. यात यंत्र मोडतं, शिवाय माणसालाही इजा होऊ शकते.

सोलर कंट्रोलर बॅटरी भरली की पॅनेलची जोडणी तोडून टाकतो. पॅनेलला त्याने काही होत नाही, ते नुसतं उन्हात पडून राहतं. पवनचक्कीचं उलट आहे. जनरेटरवरचा भार हाच तिचा लगाम. भार सुटला की चक्र वाटेल तसं फिरू लागतं, व्होल्टेज ५०-६० च्याही वर जातं, कंट्रोलर जळतो आणि पाती तुटून उडू शकतात. म्हणून पवनचक्कीचा कंट्रोलर तिला कधी मोकळी सोडत नाही, जादा वीज डम्प लोडमध्ये म्हणजे जाड रेझिस्टरमध्ये जाळतो.

रेझिस्टर किती ओहमचा? ३०० वॅटची चक्की १४.३ व्होल्टवर २१ अँपिअर देते, म्हणजे ०.६८ ओहम पुरेल. पण नेमका तेवढा न घेता ०.५ ओहम घ्या, म्हणजे ४०० वॅट खाण्याची ताकद राहते. १ ओहम, ३०० वॅटचे दोन समांतर जोडले की झालं. त्यांचं अंग २०० अंशांपार तापू शकतं. धातूच्या पट्टीवर, लाकूड, फोम आणि गॅसच्या नळीपासून लांब, हवा खेळेल अशा जागी बसवा, बॅटरीच्या कप्प्यात अजिबात नको.

काही जण डम्प लोड म्हणून १२ व्होल्टचा पाणी तापवणारा कॉइल लावतात. कल्पना चांगली, वीज वाया जात नाही. पण पाणी तापल्यावर थर्मोस्टॅट उघडला की भार सुटला आणि चक्की मोकळी. कॉइल लावला तरी मागे रेझिस्टर हवाच.

---

पवनवेडा
+१. लिथियमवाल्यांसाठी यात अजून एक खाच आहे. कुठल्याही सेलचं व्होल्टेज ३.६५ च्या आसपास गेलं की बीएमएस (बॅटरीतलं संरक्षक सर्किट) बॅटरीची जोडणी तोडतो. त्या क्षणी पवनचक्कीसमोर बॅटरीच उरत नाही. व्होल्टेजची उसळी थेट फ्रिज, पंप आणि दिव्यांवर येते. डम्प लोड बीएमएसच्या आधी, म्हणजे बॅटरी तुटली तरी चक्कीच्या तारांवर शिल्लक राहील असाच जोडायचा.

---

चाकावरचं घर
इथेच मुख्य प्रश्न. दोन कंट्रोलर एकाच बॅटरीवर आले की एकमेकांशी भांडतात का?

---

तांब्याची तार
भांडतात. सौर आणि पवन दोन्ही असलेल्या व्हॅनमध्ये बहुतेक तक्रारी इथूनच येतात.

दोघांनाही फक्त बॅटरीचं व्होल्टेज दिसतं. समजा, दुपारी सोलर कंट्रोलरने बॅटरी १४.२ वर नेली आणि पवनचा डम्पही १४.२ लाच लावलेला आहे. पवन कंट्रोलरला वाटतं, भरली. तो रेझिस्टर चालू करतो, आणि डम्प बॅटरीच्या बाजूने होत असेल तर रेझिस्टर सोलरचे अँपिअरही जाळतो. वारा शून्य असला तरी! व्होल्टेज उतरतं, सोलर पुन्हा जोर लावतो, पुन्हा डम्प. रेझिस्टर तापलेला, पाती स्थिर आणि बॅटरी दिवसभर ९० टक्क्यांवर अडकलेली, हे त्याचं लक्षण.

उपाय म्हणजे पायऱ्या लावणे. १२.८ व्होल्ट लिथियमसाठी सोलरचं अ‍ॅब्सॉर्प्शन (पूर्ण भरतानाचं व्होल्टेज) १४.१, फ्लोट (भरल्यावर टिकवायचं व्होल्टेज) १३.५, पवनचा डम्प १४.३, आणि बीएमएसचा कट १४.६ च्या आसपास. १४.१ म्हणजे सेलला ३.५ च्या वर, एवढ्यात लिथियम बॅटरी जवळजवळ पूर्ण भरते. डम्प नेहमी सोलरच्या ०.२ वर आणि बीएमएसच्या ०.२ ते ०.३ खाली. एजीएम (बंद प्रकारची लेड-अ‍ॅसिड) असेल तर सोलर १४.४, डम्प १४.७, पण उत्पादकाने छापलेली कमाल मर्यादा आधी बघा. हे आकडे कंट्रोलरच्या पडद्यावर विश्वासून लावू नका. बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर धरून जुळवा. स्वस्त हायब्रिड (सौर-पवन एकत्र) कंट्रोलरचा पडदा दोन-तीन दशांश चुकीचा दाखवणं नवलाचं नाही, आणि इथे सगळा खेळच दोन दशांशांचा आहे.

डम्प कुठल्या बाजूने होतो ते ओळखायचं असेल तर वारा नसताना, भर उन्हात, रेझिस्टरच्या तारेवर डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लावा आणि सोलरचं व्होल्टेज थोडा वेळ डम्पच्या वर न्या. करंट दिसला तर डम्प बॅटरीच्या बाजूने आहे आणि पायऱ्या लावल्याशिवाय गत्यंतर नाही. नाही दिसला तर कंट्रोलर फक्त चक्कीचीच वीज जाळतो, तुम्ही सुटलात.

---

निळा तंबू
खूपच उपयोगी माहिती, धन्यवाद. तारा किती जाडीच्या घ्यायच्या? चक्की व्हॅनपासून १० मीटर लांब उभी करायचा विचार आहे.

---

तांब्याची तार
१० मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन २० मीटर तांबं. २० अँपिअरला ६ चौरस मिमी तारेत १.१७ व्होल्ट पडतात, १२ व्होल्टवर जवळजवळ १० टक्के. १६ चौरस मिमी घेतली तर ०.४४ व्होल्ट. चक्कीतून तीन तारा बाहेर येत असतील तर ती थ्री-फेज एसी आहे, तिन्ही तारा व्हॅनपर्यंत आणा आणि रेक्टिफायर व कंट्रोलर बॅटरीजवळ ठेवा.

जमिनीवर ठेवायच्या पॅनेलांना ही अडचण कमी. १०० वॅटची दोन एकसर जोडली की ३६ व्होल्ट, ५.५ अँपिअर. तेवढ्याच अंतराला ४ चौरस मिमी तारेत अर्धा व्होल्टही पडत नाही. व्हॅन सावलीत आणि पॅनेल उन्हात ठेवायची सोय यामुळे होते, आणि उन्हाळ्यात सावलीतल्या व्हॅनमध्ये फ्रिजही कमी चालतो.

फ्यूज: प्रत्येक धन तारेला, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. ३० अँपिअरच्या कंट्रोलरला ४०. हजार वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण भाराला ९० अँपिअरच्या वर ओढतो, त्याला १२५ चा फ्यूज आणि ३५ चौरस मिमी तार. लिथियम बॅटरीच्या मुख्य तारेवर क्लास टी फ्यूज लावा. शॉर्ट झाल्यावर या बॅटऱ्या हजारो अँपिअर ओततात आणि हलका फ्यूज वितळल्यावरही आत ठिणगी चालू राहू शकते.

जोडताना कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल. करंट वाहत असताना एमसी४ कनेक्टर (पॅनेलच्या तारांची जोडणी) ओढायचा नाही, आतले संपर्क जळतात. शंट (बॅटरीत येणारा-जाणारा करंट मोजणारी पट्टी) लावला असेल तर सगळे ऋण टोक शंटच्या पलीकडे, डम्प लोडचंही. लिथियमचं व्होल्टेज ४० ते ८० टक्के चार्जपर्यंत जवळपास सपाट असतं, शंटशिवाय किती उरलंय ते कळणार नाही.

---

पवनवेडा
खांबाचंही लिहितो. पवनचक्की छतावर बसवू नका. पात्यांची थरथर पत्र्यातून आत येते, रात्री झोप लागत नाही, आणि व्हॅनच्या वरच्या कडेवर वारा फाटून येत असल्याने उत्पन्नही पडतं. वेगळा खांब उभारा. ३ वरून ६ मीटरवर नेलं की मोकळ्या जागी वाऱ्यातली शक्ती ३५ ते ५० टक्क्यांनी वाढते.

६ मीटरचा, ४०-५० मिमी व्यासाचा नळ, बुडाशी बिजागरीची पाटी आणि चार ताण दोर. तीन दोरांवरही खांब उभा राहतो, पण चार असले की बिजागरीच्या रेषेतले दोन बाजूचे दोर ताणलेलेच ठेवून खांब एकट्याने वर-खाली करता येतो. दोर पात्यांच्या टोकापासून किमान वीतभर खाली बांधा. १.२ मीटरच्या चक्राला अक्षापासून ८० सेंटिमीटर खाली.

ताशी ५४ किमी वाऱ्यात फिरत्या चक्राला साधारण १२ किलो वजनाइतका रेटा बसतो. खुंटी खांबापासून ३ मीटरवर असेल तर तिच्यावर ३० किलोच्या आसपास ताण येतो आणि तो बहुतांश वरच्या दिशेने, म्हणजे उपटणारा. ५ मीटरवर नेली तर २० वर येतो आणि तिरपा होतो. झोताला हे आकडे दुप्पटही होतात. वाळूत खुंटी टिकत नाही. तिथे फळीच्या मध्याला दोर बांधून ती अर्धा मीटर खोल आडवी पुरा. दोरांना उजळ कापड बांधा, अंधारात कोणीतरी अडखळतंच.

पाती ताशी ३६ किमी वाऱ्यात मिनिटाला नऊशेच्या वर फेरे घेतात, टोकाचा वेग सेकंदाला ६० मीटर. दिसत नाहीत, म्हणून जास्त धोकादायक. खांबाच्या पडण्याच्या टप्प्यात तंबू किंवा मुलं खेळायची जागा नको. आणि खांब पॅनेलांच्या सूर्याकडच्या बाजूला उभारू नका. त्याची बारीक सावलीसुद्धा हिशेबनीस म्हणाले तसं अर्धं पॅनेल खाते.

---

निळा तंबू
आणि वादळ येतंय असं दिसलं तर?

---

पवनवेडा
वारा वाढायच्या आधी ब्रेक. ब्रेक म्हणजे तिन्ही फेज एकमेकांना जोडणारा स्विच, तो रेक्टिफायरच्या आधी असतो. थांबलेलं चक्र या स्थितीत जेमतेम हलतं. पूर्ण वेगात असताना स्विच टाकला तर काही यंत्रं थांबत नाहीत, उलट कॉइल तापून जळतात. अशा वेळी झुळूक मंदावेपर्यंत थांबा आणि मग टाका. ब्रेक लावल्याशिवाय खांब खाली घ्यायचा नाही. खाली आल्यावर पाती बांधून ठेवा आणि नट तपासा, नायलॉनवाले लॉकनटसुद्धा थरथरीने सैल होतात.

---

हिशेबनीस
थंडीबद्दल कोणी लिहिलं नाही. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायची नाही, आत धातूरूप लिथियम साचतं आणि क्षमता कायमची जाते. चांगला बीएमएस चार्जिंग रोखतो. पण रात्री वारा वाहत असताना त्याने चार्जिंग रोखलं की पुन्हा तीच स्थिती, चक्कीसमोर बॅटरी नाही. डम्प लोड स्वतंत्र असण्याचं हे दुसरं कारण. बॅटरी व्हॅनच्या आत ठेवा. लेड-अ‍ॅसिडला ही बंदी नाही, मात्र तिचं चार्जिंग व्होल्टेज थंडीत वाढवावं लागतं, १२ व्होल्टच्या बॅटरीला दर अंशामागे १८ ते ३० मिलिव्होल्ट. त्यासाठी कंट्रोलरचा तापमान सेन्सर बॅटरीला चिकटवा, भिंतीला नव्हे.

---

चाकावरचं घर
शेवटची एक शंका. वारा चांगला आहे, पाती फिरताहेत, पण कंट्रोलर शून्य अँपिअर दाखवतोय. शोध कुठून सुरू करायचा?

---

तांब्याची तार
आधी पाती कशी फिरताहेत ते बघा. जड आणि हळू फिरत असतील तर कुठेतरी शॉर्ट आहे: ब्रेक चालू राहिलाय, रेक्टिफायरचा डायोड फुटलाय किंवा खांबातली तार घासून सोललीय. सुसाट फिरत असतील तर भार सुटलाय: फ्यूज गेला, लग (तारेच्या टोकाची कडी) सैल झाला किंवा स्लिप रिंगचा (चक्की वळली तरी तारा जोडलेल्या ठेवणारी कडी) संपर्क गेला. अशा वेळी लगेच ब्रेक लावा, तपासणी नंतर.

मग शांत वाऱ्यात खांब खाली घ्या. तिन्ही तारा ब्रेकच्या स्विचपासून आणि रेक्टिफायरपासून सोडवा आणि अक्ष हाताने फिरवा. मोकळा फिरला पाहिजे. दोन-दोन तारा जोडून तिन्ही जोड्यांवर फिरवून बघा, प्रत्येक वेळी सारखाच अडखळला पाहिजे. एखाद्या जोडीला अडखळत नसेल तर त्या जोडीतल्या एखाद्या फेजची तार तुटलीय. तारा सुट्या असतानाच जड फिरत असेल तर शॉर्ट चक्कीत किंवा खांबाच्या तारेत आहे. चक्की ठीक निघाली तर रेक्टिफायरचे सहाही डायोड मल्टिमीटरने दोन्ही दिशांनी तपासा. एकाच दिशेने ०.५ ते ०.७ व्होल्ट दिसलं तर चांगला, दोन्ही दिशांनी शून्य दाखवणारा बाद.

यातलं काहीच नसेल आणि वारा ताशी १२-१३ किमीच असेल तर बिघाड नाही. चक्कीचं व्होल्टेज बॅटरीच्या वर गेल्याशिवाय एक अँपिअरही आत जात नाही.